ऑपेरा हाऊसमध्ये मामा

आमच्या मामाचे भिवंडीत यंत्रमाग आहेत. ज्याचं आयुष्य मागांच्या खटखटाटात गेलं, त्याला हळू बोलणं परवडत नाही. आमच्या गावात खटखट चालू असली की माणसं गाढ झोपतात आणि लाईट गेली की दचकून उठतात. अशा मामाला मी गिरगावातल्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये गाण्याला न्यायचं ठरवलं. मामी म्हणाली, "मी नाही बाई येणार. मला चार लोकांत तोंड दाखवायचंय अजून."

अंजूरफाटा ते कशेळीचा पूल एवढ्या वाटेत गोदामांच्या कंटेनरांनी जो वेळ खाल्ला, त्यात एखादं संगीत नाटक नांदीसकट उरकलं असतं. पुढे ठाण्याहून लोकलने दादर, चर्नी रोड. गाडीत मी मामाला इतिहास सांगत होतो. म्हणजे आमच्या डब्यालाच सांगत होतो, कारण मामाचे प्रश्न शेवटच्या बाकापर्यंत पोचत होते.

या थिएटरची कल्पना १९०८ची. मॉरिस बँडमन हा नाटकं घेऊन फिरणारा माणूस आणि जहांगीर फ्रामजी कराका हे कोळशाच्या दलालीतले पारशी गृहस्थ, दोघांनी मिळून काढलेली. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाने उद्घाटन केलं तेव्हा बांधकाम चालूच होतं.

"म्हणजे अर्धवट कामाची फीत कापायची पद्धत आपल्या पुढाऱ्यांनी काढलेली नाही तर!" मामाला फारच बरं वाटलं.

पुढे इथे बालगंधर्व गायले, दीनानाथ गायले, पृथ्वीराज कपूरनी नाटकं केली. सिनेमाही आला. १९५२ला गोंडलच्या महाराजांनी वास्तू विकत घेतली आणि १९९३ला ती बंद पडली. त्यानंतरचा काळ मला सगळ्यात गमतीचा वाटतो. बसथांब्याचं नाव ऑपेरा हाऊस, हिऱ्यांचा बाजार ऑपेरा हाऊसचा, टॅक्सीवालाही ऑपेरा हाऊसच म्हणणार; फक्त ऑपेरा हाऊस तेवढं कुलपात. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी ते पुन्हा उभं केलं, सिनेमाच्या दिवसांत गेलेले बाजूचे बॉक्सही परत आणले आणि २०१६च्या ऑक्टोबरात दारं उघडली. पुढच्याच वर्षी युनेस्कोनेही पाठ थोपटली.

"तेवीस वर्षं बंद, आणि इमारत जागेवर?" मामाचा विश्वास बसेना. "आमच्यात कारखाना दोन दिवाळ्या बंद राहू दे, भंगारवाला काटा घेऊन दारात!" हे तो हसत म्हणाला. पण भिवंडीत किलोवर विकले गेलेले माग आम्ही दोघांनीही पाहिलेत.

आत शिरल्यावर मात्र मामा गप्प झाला. सोनेरी नक्षी, वर घुमट, ससून घराण्याने दिलेली झुंबरं. "कोळसेवाल्याने एवढं सोनेरी काम केलं?" असं एकदाच म्हणाला आणि थेट पडद्याकडे गेला. मखमल चिमटीत धरली, उलटी करून पाहिली, मनात मीटरांचा हिशेब केला. तिथल्या मुलाने "काका, हात नका लावू" म्हटल्यावर मामाने त्याला सुताचा दर्जा समजावून सांगितला. मुलगा ऐकून घेत होता. त्याला दुसरा इलाजच नव्हता.

अगदी वरच्या गॅलरीतही शब्द न् शब्द ऐकू यावा, अशा बेताने हे सभागृह बांधलंय, हे मी मामाला आधी सांगायला हवं होतं की नको, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दिवे मंदावले. तंबोरे लागले. गाणाऱ्या बाईंनी षड्ज लावला, आलाप घेतला आणि डोळे मिटून क्षणभर थांबल्या. सभागृह निःशब्द. आणि माझ्या शेजारून भिवंडीच्या सवयीने प्रश्न आला,

"लाईट गेली काय रे?"

आधी तळमजला हसला, मग बाल्कनी, मग गॅलरी. बाईही हसल्या. त्यांनी पुढची जागा अशी काही घेतली की त्या जागेचं श्रेय मामाने स्वतःकडे घेतलं.

मध्यंतरात गॅलरीतून एक गृहस्थ धापा टाकत खाली आले. "भिवंडीचे का? कुठले, कामतघरचे?"

"तुम्हाला वर ऐकू आलं?"

"स्वच्छ!"

मामाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू कराकाशेठनी हे सभागृह त्याच्याच आवाजावर बेतलं होतं. गृहस्थांचेही माग निघाले. गाडी सुताच्या भावावर आली, घंटा झाली, ती दोघांनाही ऐकू गेली नाही. मी एकटाच आत जाऊन बसलो. दार लागलं, गाणं सुरू झालं, आणि पहिली तान संपेपर्यंत मला सुताचा त्या दिवसाचा भाव कळलेला होता.