ताईंचा पगार सोडून बोला

चांगल्या कामाला या देशात पैसा मिळत नाही, असं म्हणणाऱ्या माणसाने कंपनी कायदा वाचलेला नसतो. 2013 सालच्या या कायद्याच्या 135 व्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे की ज्या कंपनीची नक्त मालमत्ता 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपयांचा असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के समाजासाठी, म्हणजे सीएसआरवर, खर्च करायचे. 1 एप्रिल 2014 पासून हे लागू आहे. आज या खात्यावर देशभरात वर्षाला 25 हजार कोटींहून जास्त खर्च होतो आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्राचा नंबर पहिला असतो. म्हणजे पैसा आहे, आणि तो आपल्याच राज्यात आहे. तुमच्या मंडळापर्यंत तो पोचत नसेल तर चूक तुमची आहे, हे आधी मान्य करा म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल.

तुमचं मंडळ मला माहीत आहे. तालुक्याच्या गावी समाजमंदिराची एक खोली. सकाळी तिथे बालवाडी, संध्याकाळी दहावी-बारावीच्या मुलांची अभ्यासिका, शनिवारी दुपारी बचत गटाची बैठक. सतरंज्या, एक गोदरेजचं कपाट आणि त्या कपाटाची एकच किल्ली, जी नेहमी बाहेरगावी गेलेल्या माणसाकडे असते. सगळं चालवायला दोन ताई. त्यांना महिन्याला 4 हजार मिळतात, तेही वर्गणी जमली तर. असं मंडळ प्रत्येक तालुक्यात एखादं तरी असतं आणि त्याची गरजही ठरलेली असते. ताईंना 4 ऐवजी 8 हजार देता यावेत. तुमचं चुकतं ते इथेच. ही एक गरज सोडली तर पृथ्वीतलावरच्या प्रत्येक गरजेसाठी निधी उपलब्ध आहे.

पण आधी पात्रता. तुमची संस्था 1860 च्या कायद्याखाली नोंदलेली हवी आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही. एक दाखला इंग्रजांच्या काळातल्या कायद्याचा, दुसरा स्वराज्यातला, दोन्ही लॅमिनेट करून भिंतीवर. मग प्राप्तिकराचं 12 ए, देणगीदाराला सूट मिळावी म्हणून 80 जी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, आणि एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 नोंदणी. 12 ए आणि 80 जी पूर्वी एकदा मिळालं की संस्थेच्या जन्माला पुरायचं. आता त्यांची मुदत संपते आणि नूतनीकरण करावं लागतं, त्यामुळे चार्टर्ड अकाउंटंट या जमातीचं सामाजिक कार्याशी असलेलं नातं पूर्वीपेक्षा घट्ट झालं आहे. शिवाय कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. पैशाशिवाय तीन वर्षं काम करून दाखवलंत की पैशाची गरज आहे असं मानलं जातं. एवढी वर्षं चाललं तर आता पैसे कशाला हवेत, हा प्रश्न त्यानंतर विचारला जातो.

यातला सगळ्यात नाजूक कागद म्हणजे परिशिष्ट एकचा उतारा. संस्थेचे विश्वस्त कोण, हे त्यावर लिहिलेलं असतं. कायदा म्हणतो, विश्वस्त बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज दाखल करा. तुम्ही तो केलेला असतोच. अर्ज दाखल होणं आणि मंजूर होणं यांच्यामध्ये जो काळ जातो त्यात मूल बालवाडीतून निघून अभ्यासिकेत येतं. दरम्यान मंडळाचे जुने अध्यक्ष अण्णा वारलेले असतात. सारा गाव बाराव्याला जेवून आलेला असतो, पण उताऱ्यावर अण्णा हयात असतात. आता निधी देणारी कंपनी उताऱ्यावरच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांची केवायसी मागते. तुम्ही सांगता, अण्णा गेले. कंपनीच्या मॅडम म्हणतात, मग नवीन अध्यक्षांचं नाव असलेला उतारा पाठवा. तुम्ही सांगता, तो अजून मिळाला नाही. मॅडम म्हणतात, काही हरकत नाही, तोपर्यंत सध्याच्या अध्यक्षांची सही चालेल. सध्याचे म्हणजे कोण, हे विचारायचं धाडस कुणी करत नाही. अण्णांनी आयुष्यभर मंडळासाठी खस्ता खाल्ल्या आणि त्यांना अजूनही निवृत्ती मिळालेली नाही. आधार कार्डावरचा त्यांचा फोटो तेवढा अस्पष्ट आहे, तो पुन्हा स्कॅन करून पाठवा असा निरोप येतो.

कागद पूर्ण झाले की प्रस्ताव. इथे मला तुमचा भाबडेपणा आधी काढून टाकावा लागेल. तुम्ही लिहिता: दोन शिक्षिकांचं मानधन, बारा महिने, 1 लाख 92 हजार. वीजबिल 9 हजार. खडू, कागद, मुलांचा खाऊ 30 हजार. हिशेब बरोबर आहे, प्रस्ताव बाद आहे. मानधन आणि वीजबिल हा प्रशासकीय खर्च झाला, आणि प्रशासकीय खर्च म्हटला की समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात ते तुम्ही लग्नात हुंड्याचा विषय काढला असता तरी उमटले नसते. तो सांगतो की नियमानुसार प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांच्या आतच हवा.

असा नियम खरोखरच आहे, फक्त तो तुमच्यासाठी नाही. 5 टक्क्यांची मर्यादा कंपनीने सीएसआरचा विभाग चालवण्यासाठी स्वतःच्या कार्यालयात केलेल्या खर्चाला आहे. संस्थेने प्रत्यक्ष कामावर केलेल्या खर्चाला ती लागत नाही, असा खुलासा कंपनी व्यवहार मंत्रालयाने 2021 मध्ये केलाही. पण कंपन्यांनी ती मर्यादा इतक्या उदार मनाने संस्थांना देऊन टाकली आहे की आता परत घ्यायला त्यांना संकोच वाटतो. परदेशातून पैसे येतात त्यांचंही तेच. विदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 साली दुरुस्ती झाली आणि प्रशासनावरच्या खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली. मोठ्या संस्थेने मिळालेल्या परदेशी देणगीतून छोट्या मंडळाला थोडं द्यावं, ही वाटही त्याच दुरुस्तीने बंद झाली. तुमच्या मंडळाला परदेशातून कुणी काही पाठवलेलं नाही, तेव्हा तुम्हाला याचं दुःख नसावं. एका काकूंचा मुलगा न्यू जर्सीहून खाऊसाठी पैसे पाठवणार होता, त्याला तेवढं नको म्हणून कळवा.

मग मिळतं काय? पुष्कळ. स्मार्ट टीव्ही मिळतो. टॅब मिळतात, त्यांच्या पाठीवर न निघणाऱ्या स्टिकरसह. पाणी शुद्ध करण्याचं यंत्र मिळतं. झाडं मिळतात, तेच खड्डे, तेच पाहुणे आणि दरवर्षी नवी रोपं. भिंत रंगवून मिळते. भिंत रंगवण्याची कंपन्यांना विशेष ओढ आहे, कारण ते काम अधिकारी मंडळींना स्वतःच्या हातांनी करता येतं. शनिवारी सकाळी बसमधून एकसारख्या टी-शर्टमधली तीस मंडळी उतरतात, भिंतीवर फुलपाखरं काढतात, मुलांना उचलून फोटो घेतात आणि दुपारच्या जेवणाला रिसॉर्टवर जातात. पुढच्या वर्षी दुसरी कंपनी येते. भिंत तीच असते, त्यामुळे आधी फुलपाखरं पुसून घ्यावी लागतात. पांढऱ्या रंगाचा खर्च मंडळाकडे.

आणि पाटी. मदत करणाऱ्याने नाव लावावं यात मला गैर वाटत नाही. विठ्ठलदास ठाकरसी यांनी 1920 मध्ये धोंडो केशव कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला 15 लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला आपल्या आईचं, नाथीबाईंचं नाव द्यायला सांगितलं. त्या काळचे 15 लाख! आणि त्यावर उभं राहिलं ते अख्खं विद्यापीठ. आता पाण्याच्या यंत्रावर यंत्राहून मोठी पाटी असते. पाटीला तोटी लावायची तेवढी राहिली आहे.

निधी मिळाल्यानंतरचं मोजमाप हा वेगळा आनंद आहे. कायद्याने प्रभाव मूल्यमापन फक्त बड्यांना सांगितलं आहे: ज्या कंपनीला या खात्यावर सरासरी 10 कोटी किंवा अधिक खर्च करावा लागतो तिने, आणि तेही 1 कोटी किंवा अधिक रकमेच्या प्रकल्पांचं. पण चांगली सवय खालपर्यंत झिरपते. तुम्हाला 80 हजारांचा टीव्ही मिळाला तरी बारा पानांचा तक्ता भरायचाच. टीव्ही येण्यापूर्वी मुलांच्या आत्मविश्वासाची पातळी काय होती, टीव्ही आल्यावर काय झाली, वाढ टक्क्यांत लिहा. साडेतीन वर्षांच्या मुलीचा आत्मविश्वास मोजायला ताई तिच्यासमोर बसतात. ती ताईंच्या हातातला तक्ता ओढून त्यावर बसते. ताईंनी त्या रकान्यात 100 टक्के लिहिलं, तर वरून त्रुटी आली की बेसलाइन जोडलेली नाही. फोटो वेगळे, अक्षांश-रेखांशासह. एका फोटोत टीव्ही बंद दिसत होता म्हणून तोही परत आला. वीज गेली होती, हे कारण तक्त्यातल्या पर्यायांत नव्हतं.

ज्यांना हे सगळं फार सोपं वाटतं त्यांच्यासाठी आता सोशल स्टॉक एक्स्चेंज निघालं आहे. तिथे संस्था रोखे काढू शकते. त्या रोख्यावर व्याज मिळत नाही आणि मुद्दलही परत मिळत नाही. आमच्या ओळखीच्या एका खजिनदारांना हे समजावून सांगितलं तर ते म्हणाले, मग हे आमच्या धाकट्या मेव्हण्याला दिलेल्या उसन्या पैशासारखंच की. फक्त मेव्हणा हजार-दोन हजारांवर भागवतो, इथे निदान 50 लाखांचे रोखे काढावे लागतात.

मग गावातच वर्गणी का मागत नाही, असं विचारणारे निघतातच. मागतात ना. भाद्रपदात मंडपाला 2100 रुपये काढून देणारा दुकानदार बालवाडीला 100 रुपये देताना पावतीवर 80 जी आहे का ते चष्मा लावून बघतो. मंडपवाल्यांनाही वर्गणीसाठी त्याच 1950 च्या कायद्याच्या कलम 41 क खाली परवानगी लागते, पण त्यांच्याकडे ढोल असतो. समोर ढोल वाजत असताना माणूस कागद मागत नाही. 1908 साली तळेगावला लोकांच्या पैसा पैसा वर्गणीतून काचेचा कारखाना उभा राहिला, तो पैसा फंड आपल्याच राज्यातला. त्या मंडळींना माणशी एक पैसा मागताना युनिट कॉस्ट काय धरली, असं कुणी विचारलं नसावं. त्यांचं नशीब.

तुमच्यासाठी खरा मोसम आहे तो मार्चचा. वर्षभर ज्या मॅडमना तुम्ही सात मेल पाठवलेत त्यांचा स्वतःहून फोन येतो. रक्कम शिल्लक राहिली आहे. चालू प्रकल्पाची नसेल तर ती वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत सरकारने ठरवलेल्या एखाद्या निधीत भरावी लागते, न भरल्यास दुप्पट रकमेपर्यंत दंड, कमाल 1 कोटी. भरायला तशी कुणाची ना नसते, पण त्या निधीला पाटी लावता येत नाही. म्हणून तुमची आठवण.

"3 लाख 60 हजार आहेत. 31 तारखेच्या आत बिल हवं. काय करता येईल?"

"ताईंचा पगार," तुम्ही म्हणता. माणूस सवयीचा गुलाम असतो.

"तसं रिकरिंग नको. वन टाइम काहीतरी सांगा. पाण्याचं यंत्र?"

"दोन आहेत. एक चालू आहे."

"सोलर?"

छत नगरपंचायतीचं. ना-हरकत दाखला 31 मार्चपर्यंत मिळेल असं सांगितलं तर नगरपंचायतीतले लोकसुद्धा हसतील. शाळेला बाकं? खोलीत बाकं मावत नाहीत, मुलं सतरंजीवर बसतात. स्वच्छतागृह? त्याला जागा नाही, आणि जागा असती तर पाणी नाही. मॅडम खरोखर मदत करू पाहत असतात, हे मी त्यांच्या बाजूने मुद्दाम सांगतो. त्यांच्या डोक्यावरही एक साहेब आहे आणि त्याच्या डोक्यावर एक तक्ता. शेवटी त्यांनाच मार्ग सुचतो. प्रशिक्षण. कार्यकर्त्यांची क्षमता वाढवणं हा एकदाच होणारा खर्च आहे, त्याचे फोटो येतात, आणि त्याच्या विरोधात कुणी बोलू शकत नाही. पुण्यातलं हॉटेल, दोन दिवस, राहणं-जेवण, पिशवी, प्रमाणपत्र आणि मुंबईहून येणाऱ्या प्रशिक्षकाचं मानधन. तालुक्यातल्या आणखी काही मंडळांच्या ताईंनाही बोलवा, म्हणजे संख्या दिसेल.

कार्यशाळेचा विषय कंपनीच्या वित्त विभागाने दिला: मासिक पगारातून बचत आणि गुंतवणूक कशी करावी. ताई जायला तयार आहेत. त्यांनी एवढंच विचारलं की त्या दोन दिवसांचे पैसे कापणार का. मंडळाचे खजिनदार म्हणाले, कंपनीला विचारून सांगतो.