होकायंत्र

प्रत्येक ट्रेकिंग ग्रुपमध्ये एक जण दोर बाळगणारा असतो, एक जण लिंबू-मीठ बाळगणारा असतो आणि एक जण मत बाळगणारा. आमच्यातल्या मत बाळगणाऱ्याला सगळे होकायंत्र म्हणतात. हे नाव त्यांच्या कानावर आलेलं आहे आणि मनातून आवडलेलंही आहे. वय पासष्टीच्या पुढे, बँकेतून निवृत्त, डोक्याला माकडटोपी. खिशात खरंखुरं होकायंत्रही असतं, पण ते कधी बाहेर निघत नाही. "यंत्र फक्त उत्तर दाखवतं," ते म्हणतात, "प्रश्न माणसानं विचारायचा असतो."

त्यांचा प्रश्न एकच. कुठं जायचं हा नव्हे. गड तुम्ही ठरवा, ते मुकाट येतील. त्यांचा प्रांत त्याच्या पुढं सुरू होतो: कुठल्या टोकाकडून? एकाच वाटेनं चढून त्याच वाटेनं उतरायचं असेल तर त्यांचा चेहरा पडतो. एकदा मोठ्या हौसेनं नर्मदा परिक्रमेला गेले आणि अर्ध्यातून परत आले. गुडघा धरला असं सांगतात. आमचा अंदाज असा, की नर्मदामैया उजव्या हाताला ठेवायची हे तिथं आधीच ठरलेलं. वाद घालायचा कुणाशी?

त्यामुळे डिसेंबरात राजगड-तोरण्याचा बेत निघाला की त्यांच्या अंगात येतं. दोन बलदंड किल्ले आणि त्यांना जोडणारी एक लांबलचक डोंगरधार. राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाज्यानं बाहेर पडायचं, धारेवरून चालत राहायचं, वाटेत डांबरी रस्त्याची खिंड ओलांडायची आणि तोरण्याच्या बुधला माचीवर चढायचं. सहा-सात तासांची चाल. किंवा हेच सगळं तोरण्याकडून राजगडाकडे. सामान्य माणसाला यात एक ट्रेक दिसतो. होकायंत्राला दोन दिसतात, आणि त्यातला एक घातक.

आमच्यातल्या एका पोरानं मोबाईलवर जीपीएसचा ट्रॅक उतरवून घेतला होता. त्यानं निरागसपणे विचारलं, "काका, ट्रॅक उलटा चाललो तरी अंतर तेवढंच ना?"

"उलटा?" माकडटोपी काढली गेली. म्हणजे आता अर्धा तास निश्चित.

खरं सांगायचं तर, त्या अर्ध्या तासात ते जे बोलले त्यात खोट काढायला जागा नव्हती. थंडीत गवत वाळून पिवळं पडतं, त्याच्याखाली मुरूम सुटा होतो आणि बुधल्याकडच्या उतारावर पाय ठेवला की तो पाय आपला राहत नाही. "चढताना डोळे आणि हात खडकासमोर असतात. उतरताना खडकासमोर काय असतं?" पोरानं मान खाली घातली. म्हणून घसाऱ्याची आणि कातळाची जागा चढायला यावी, उतरायला नव्हे. दुसरं, खिंडीत गाडी येते. कुणाचा पाय मुरगळला, कुणाचं पाणी संपलं, तर तिथून वेल्ह्याला किंवा भुतोंड्याला सुटता येतं. राजगडाकडून आलं की ही खिंड अवघड चढणीच्या आधी भेटते. पुढं जायचं की नाही ते तिथं थांबून ठरवता येतं. तोरण्याकडून आलं तर अवघड भाग पार पडल्यावर खिंड येते, म्हणजे अक्कल आल्यावर सल्ला. तिसरं, डिसेंबरातला दिवस जेमतेम अकरा तासांचा. सहाला सूर्य बुडतो. उशीर झालाच तर अंधारात उतरायला मळलेली वाट हवी, आणि तोरण्यावरून बिनी दरवाज्यानं वेल्ह्याला जाणारी वाट उभी असली तरी रोजच्या राबत्याची आहे.

अशा मुद्देसूद माणसाशी भांडणार कोण? ठरलं: गुंजवण्यातून चोर दरवाज्यानं राजगड चढायचा, पद्मावतीच्या देवळात मुक्काम, पहाटे तोरण्याकडे कूच.

चौथा मुद्दा आम्हाला त्यांच्या घरी पोह्यांबरोबर मिळाला. काकू बशा गोळा करता करता म्हणाल्या, "ह्यांना तोरण्यावर रात्र काढायची नसते. मेंगाईच्या देवळात ब्रह्मपिशाच्च येतं म्हणे." ट्रेकर मंडळींत ही वदंता जुनी आहे. होकायंत्र शांत होते. "मी भूतबीत मानत नाही," ते म्हणाले, "पण दिशा ठरवताना सगळे घटक विचारात घ्यावे लागतात."

पद्मावती माचीवरची ती रात्र बोचऱ्या वाऱ्याची गेली. पहाटे सहाला निघायचं होतं. पावणेसहाला सगळे सॅक पाठीला लावून उभे, खाली गुंजण मावळ धुक्यात बुडालेलं. आणि होकायंत्रानं वाळक्या गवताची चिमूट हवेत सोडून पाहिली.

"वारा पूर्वेचा आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "पुन्हा एकदा विचार करायला हवा."

आम्ही राजगडावर उभे होतो. तोरण्याहून सुरुवात करणं आता देवालाही शक्य नव्हतं. तरी विचार झाला. वारा पाठीवर राहील म्हणजे बरंच, पण दुपारनंतर सूर्य डोळ्यांवर येईल म्हणजे वाईट. पण मग टोप्या आहेत म्हणजे चालेल. विरोधी पक्ष कुणीच घेत नव्हतं, म्हणून तोही त्यांनीच घेतला आणि जोरात मांडला. ऊन अंगावर आलं, दुसरा चहा झाला, आणि ठराव एकमतानं मंजूर होऊन आम्ही सव्वाआठला अळू दरवाज्याकडे निघालो.

चाल मात्र सुरेख झाली. धारेवर दोन्हीकडच्या दऱ्या उघड्या, कारवीची वाळकी रानं, लांब बुधल्याचा सुळका. खिंडीत थांबून प्रत्येकाचं पाणी त्यांनी बाटली हलवून तपासलं. बुधल्याच्या चढणीवर पुढच्याचा पाय सुटला की मागच्याला कुठं उभं राहायचं ते सांगितलं, आणि त्या पोराला कातळावर एकेक खोबण दाखवत वर घेतलं. तिथं ते एक शब्दही जास्त बोलले नाहीत. तोंड बंद ठेवण्याची जागा त्यांना पक्की ठाऊक आहे. दुर्दैवानं तशी जागा सबंध ट्रेकमध्ये ती एकच आहे.

तोरण्यावर पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. बिनी दरवाज्यातून बाहेर पडेपर्यंत उजेड गेला आणि वेल्हे आम्ही विजेऱ्यांच्या उजेडात गाठलं. गावातल्या पहिल्या दिव्याखाली होकायंत्र थांबले, टोपी सारखी केली आणि प्रसन्नपणे म्हणाले, "बघा, अंधार झालाच की नाही? दिशा उलटी असती तर?"

तेव्हा थंडीत राजगड-तोरणा करणार असाल तर गुंजवण्याकडूनच चढा, धारेवर पाणी मिळेल या भरवशावर राहू नका आणि खिंडीत थांबून पुढचा निर्णय घ्या. दिशेचा वाद घालणारं कुणी सोबत असेल, तर त्यांना आदल्या आठवड्यात घरी बोलावून पोहे द्या आणि सगळं बोलून घेऊ द्या. डिसेंबरातले सकाळचे दोन तास फार महाग असतात.