बाजार काय देतो? पगार-सर्वेक्षणात पहिल्यांदा उतरणाऱ्या कंपन्यांसाठी मार्गदर्शिका

अभिनंदन! तुमच्या कंपनीला राष्ट्रीय पगार-सर्वेक्षणाचं निमंत्रण आलं आहे. मर्सर, एऑन, डब्ल्यूटीडब्ल्यू, कॉर्न फेरी अशा सल्लागार कंपन्या देशभरच्या मालकांना विचारतात, की कोणत्या पदाला किती देता? मग आलेल्या आकड्यांवरची नावं पुसतात, त्यांची प्रतवारी करतात आणि त्याच मालकांना अहवाल विकतात. स्वतःची माहिती देणाऱ्याला तो स्वस्तात मिळतो. न देणाऱ्याला महाग पडतो, नाहीतर मिळतच नाही. सोयीसाठी आपण धरून चालू, की तुमचा चाकण एमआयडीसीत गाड्यांच्या सुट्या भागांचा कारखाना आहे, माणसं चारेकशे आहेत आणि आजवर पगार ‘शेजारचे काय देतात’ याचा कानोसा घेऊन ठरत आले आहेत.

सुरुवात करण्याआधी

साहेबांची परवानगी घ्या. ते म्हणतील, ‘आपले आकडे बाहेर जाता कामा नयेत, पण बाकीच्यांचे सगळे आले पाहिजेत.’ झाकली मूठ सव्वा लाखाची, हे प्रत्येक मालकाला पाठ असतं. पण इथे सगळ्यांनी एकदम मूठ उघडायची असते. त्यांना सांगा, की फॉर्ममध्ये कुणाचंही नाव जात नाही, फक्त कोड जातो. त्या कोडपुढे ‘प्लांट हेड, चाकण, संख्या १’ असं लिहिलेलं असतं, ते दाखवायची गरज नाही.

फॉर्म भरायचं काम एचआरमधल्या सर्वांत नव्या मुलीकडे जाईल. हा रिवाज आहे. फॉर्म म्हणजे एक्सेलची शीट, आडवी सरकवत नेली तर संपता संपत नाही, आणि ती येते नेमकी अप्रेझलच्या गडबडीत. मुलगी हुशार असेल तर आठवडाभरात पुरी करेल. तोवर कंपनीतल्या प्रत्येकाचा पगार तिला माहीत झालेला असेल, तिच्या साहेबाचाही, आणि तिच्याच बरोबर लागलेल्या मुलाला महिन्याला किती जास्त मिळतात तेही. पुढच्या महिन्यात ती स्वतःच्या पगाराबद्दल बोलायला आत येईल. त्या दिवशी केबिनमध्ये नसणं उत्तम.

पदं जुळवणे

खरी मेहनत इथे आहे. सर्वेक्षणवाल्यांकडे प्रत्येक पदाचं वर्णन असतं: हा माणूस काय करतो, त्याच्या हाताखाली किती जण, तो किती रुपयांपर्यंत सही करू शकतो. तुमच्या माणसांना त्या साच्यांत बसवायचं. या शास्त्राला वय आहे. एडवर्ड हे यांनी १९४३ मध्ये फिलाडेल्फियात कंपनी काढली, आणि त्यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत आजही वापरात आहे. जाणकारी किती लागते, अडचणी सोडवायला डोकं किती चालवावं लागतं आणि जबाबदारी किती, यावर गुण द्यायचे. हे गुण खुर्चीला द्यायचे असतात, खुर्चीवरच्या माणसाला नाही. हे वाक्य लिहून भिंतीवर लावा. तुमचे साहेब तरीही म्हणतील, ‘पण तो आपला जुना माणूस आहे.’

पहिला नियम: हुद्द्याच्या पाटीकडे बघू नका. मागे कधीतरी पगारवाढ देता आली नाही म्हणून कुणाला बढती दिली गेली, आणि आज तुमच्याकडे ‘डेप्युटी जनरल मॅनेजर, स्पेशल प्रोजेक्ट्स’ आहेत. त्यांच्या हाताखाली कुणी नाही, आणि स्पेशल प्रोजेक्ट म्हणजे सोसायटीवाल्यांच्या ड्रेनेजच्या तक्रारींना उत्तरं देणं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. सर्वेक्षणाच्या हिशेबात ते सीनियर एक्झिक्युटिव्ह आहेत. तसं लिहा, पण फाइलला पासवर्ड घाला.

दुसरा नियम हरकाम्यांसाठी. मध्यम कारखान्यात एक माणूस असतोच, जो खरेदी बघतो, स्टोअर बघतो, ट्रान्सपोर्टरशी भांडतो, कंपनीच्या गणपतीची वर्गणी गोळा करतो आणि जर्मन पाहुणे आले की लोहगाव विमानतळावर पाटी धरून उभा राहतो. त्याला कोणता कोड द्यायचा? सल्लागार सांगतील, साधारण सत्तर टक्के काम जुळलं तर जुळलं समजा. त्याला ‘परचेस ऑफिसर’ लिहा. उरलेले तीस टक्के विमानतळावर उभे आहेत, त्यांचा बाजारभाव निघत नाही. हा माणूस सोडून गेला तर त्याच्या जागी तीन घ्यावे लागतील, ही गोष्ट शीटच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, आणि माझ्या मते अशा सर्वेक्षणांचं सर्वांत मोठं भोक तेच आहे.

तिसरा नियम कुणी लिहून देत नाही. एखाद्याला एक पायरी वरच्या पदाशी जुळवलं, की तो बाजारापेक्षा कमी पगारावर आहे असं दिसतं. एक पायरी खालच्याशी जुळवलं, की आपण त्याला डोक्यावर बसवल्यासारखं दिसतं. आकडा तोच, माणूसही तोच. त्यामुळे जुळवणीच्या बैठकीत प्रत्येक विभागप्रमुख आपली माणसं वर ढकलतो आणि फायनान्सवाले ती खाली ओढतात. संध्याकाळी सातपर्यंत दोन्हीकडचे थकतात, आणि थकल्यावर जे ठरतं त्याला अंतिम जुळवणी म्हणायचं.

पगार म्हणजे काय, हे ठरवणे

फॉर्ममध्ये सीटीसी मागतील. ‘कंपनीला पडणारा खर्च’ ही कल्पना मोठी रसाळ आहे, कारण खर्च कंपनीचा आणि आनंद मानायचा कर्मचाऱ्याने. बेसिक घ्या. त्यावर घरभाडे भत्ता. मग कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के. इथे सावध राहा. कायद्याची पगारमर्यादा सप्टेंबर २०१४ मध्ये ६,५०० वरून १५,००० रुपये झाली. काही कंपन्या पूर्ण बेसिकवर पीएफ भरतात, काही त्या मर्यादेला धरून महिन्याला १,८०० रुपयांवर थांबतात. मग ग्रॅच्युइटी, बेसिकच्या ४.८१ टक्के. हा आकडा आकाशातून पडलेला नाही: वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून, भागिले बारा. कायम माणसाला ती हातात पडायला सलग पाच वर्षं काढावी लागतात, सीटीसीत मात्र ती पहिल्या दिवसापासून झळकते. बस आणि कँटीनची थाळी घालायची की नाही, हे शेजारी काय करतो त्यावर ठरवा. तो घालत असेल तर तुम्हीही घाला, नाहीतर तुम्ही कंजूष दिसाल.

एवढं करून जे उरतं ते ‘स्पेशल अलाउन्स’. बेरीज जुळवायला जो आकडा लागतो तोच तो असतो, बाकी त्यात स्पेशल काही नसतं. आता वेतन संहितेने याला वेसण घातली आहे. संसदेने ती २०१९ मध्ये मंजूर केली, अमलात आली २१ नोव्हेंबर २०२५ ला. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. तेव्हा गेल्या वर्षीची शीट उघडून नुसतं कॉपी-पेस्ट करू नका. बाकीचे करतील, म्हणून तुमचं बेसिक उगाच ठसठशीत दिसेल.

आता एक रकाना जो तिथे नाही. दुसऱ्या पाळीला गेटवर उभे राहा. निळ्या शर्टातले कायम कामगार मोजा, आणि करड्या शर्टातले कंत्राटी व ट्रेनी मोजा. फॉर्म सहसा मागतो तो कंपनीच्या पटावरच्यांचा हिशेब. करडे शर्ट ठेकेदाराच्या बिलात असतात, आणि त्यांचा बाजारभाव सरकारच्या किमान वेतनाच्या अधिसूचनेत. या मार्गदर्शिकेत त्यांच्यासाठी सूचना नाहीत.

शेजाऱ्याला फोन करू नका

आकडे भरताना शंका येईल, की पलीकडच्या कंपनीने ऑपरेटरला काय लिहिलं असेल? एचआरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारायचा मोह आवरा. पगाराची माहिती मालकांनी एकमेकांना परस्पर देणं हा स्पर्धा कायद्याच्या दृष्टीने नाजूक प्रकार आहे. आपल्याकडे त्यासाठी २००२ चा कायदा आहे. अमेरिकेत तर १९९६ च्या सरकारी मार्गदर्शनात, रुग्णालयांच्या निमित्ताने, सर्वेक्षण कधी निर्धोक हेच सांगितलं होतं: तिऱ्हाइताने करावं, आकडे तीन महिन्यांहून जुने असावेत, प्रत्येक आकड्यामागे किमान पाच जण असावेत आणि त्यात कुणा एकाचा वाटा पंचवीस टक्क्यांहून जास्त नसावा. २०२३ मध्ये तिथल्या सरकारने हे मार्गदर्शनही मागे घेतलं. थोडक्यात, मालकांनी हॉटेलात बसून एकमेकांना पगार सांगितले तर ते संगनमत ठरू शकतं. तिऱ्हाइताला फी देऊन सांगितले तर ते बेंचमार्किंग. फीची पावती जपून ठेवा.

अहवाल वाचणे

काही महिन्यांनी अहवाल येईल. त्यात पी २५, पी ५०, पी ७५ असे रकाने असतील. घाबरू नका. समजा पाच कंपन्या एका पदाला वर्षाला ९, १०, ११, १२ आणि ४० लाख देतात. सरासरी निघते १६.४ लाख, जी कुणीच देत नाही. मधला आकडा ११ लाख, तो पी ५०. कर्मचारी सरासरीचं बोलेल, तुम्ही मधल्या आकड्याचं बोला.

साहेब विचारतील, ‘आपण कुठे?’ पी ५० सांगितलं तर त्यांचा चेहरा पडेल, कारण मधोमध असणं कुणालाच आवडत नाही. ते म्हणतील, आपण पी ६० वर असायला हवं. सगळ्याच कंपन्यांचे साहेब हेच म्हणतात. सगळे मध्याच्या वर जायला निघाले की मध्यच वर सरकतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा सगळे मधोमध. सल्लागारांचा धंदा यावरच सुरळीत चालतो.

तुलनेसाठी कंपन्या निवडायचं स्वातंत्र्य तुम्हाला असतं. ते वाया घालवू नका. कामगारांसाठी आजूबाजूचे लहान कारखाने घ्या, ‘स्थानिक वास्तव’ म्हणून. संचालकांसाठी बहुराष्ट्रीय कंपन्या घ्या, ‘गुणवत्तेची जागतिक स्पर्धा’ म्हणून. मात्र कंपनी शेअर बाजारात असेल तर जपून. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १९७ प्रत्येक संचालकाचा मोबदला मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट, हे छापायला लावतं.

पुढच्या वर्षी किती वाढ देणार, हा प्रश्नही येईल. बजेट ठरलेलं नसलं तरी रकाना रिकामा सोडता येत नाही, म्हणून गेल्या अहवालात जो टक्का होता तोच लिहा. सगळ्यांनी तोच लिहिलेला असल्याने नव्या अहवालातही तोच येईल. तो दाखवून बजेट मंजूर करून घ्या. शिवाय अहवालातले जुने आकडे ‘आजच्या तारखेला आणण्यासाठी’ त्याच टक्क्याने वाढवायचे असतात. इथे कुणी हसू नये.

उपयोग

कर्मचारी पगार वाढवून मागायला आला, तर अहवालाकडे बोट दाखवून ‘तू मार्केटला आहेस’ म्हणा. अहवाल उघडू नका, गोपनीयतेचं कलम आहे. अडचण एकच. चाकणच्या तळेगाव चौकातल्या टपरीवर तीन कंपन्यांचे इंजिनिअर दहा मिनिटांत एकमेकांना हातात पडणारा आकडा सांगून मोकळे होतात. त्यांच्यापाशी पी ५० नसतो, पण मोबाइलवर बँकेचा मेसेज असतो. त्यांचं एकमेकांशी जुळतं, फक्त फेब्रुवारीत गोंधळ होतो, कारण त्या महिन्यात व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० कापला जातो.

त्यातला एक राजीनामा देईल. त्याला थांबवायला बजेट नसतं. त्याच्या जागी नवा घ्यायला असतं, कारण ते वेगळ्या खात्यातून येतं. नवा मुलगा शेजारच्या कंपनीतून तीस टक्के जास्त मागून येईल, तुम्ही द्याल, आणि शेजारची कंपनी तुमच्याकडून गेलेल्या मुलाला तेवढेच देईल. दोघांची नोंद पुढच्या फॉर्ममध्ये त्याच कोडखाली करायची असते. कट-ऑफ तारीख १ एप्रिल असेल, तर नव्याला मार्चअखेरच रुजू करून घ्या.