ची साऊचं पार्सल

टॅमवर्थ, रविवार, दुपार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. आधी तेच सांगते, कारण बाबा, तुमचे तीन मिस्ड कॉल पार्सलसाठीच होते असं मी धरून चालले आहे. दाढेचं पुढे येईलच.

आम्ही घरी नव्हतो म्हणून पोस्टमन खोकं शेजारच्या आजोबांकडे ठेवून गेला. संध्याकाळी ते स्वतः घेऊन आले, चष्मा पुसून पुन्हा एकदा पत्ता वाचला आणि हळूच म्हणाले, "तुमच्याकडे ही ची साऊ नावाची चिनी मुलगी भाड्याने राहते का? दोन वर्षांत दिसली नाही कधी." बाबा, शंभरदा सांगितलंय, पत्त्यावर नुसतं मंजिरी लिहा. मग बसले समजावत. चि. म्हणजे खूप जगो, सौ. म्हणजे नवरा हयात आहे. "आणि नवऱ्याच्या नावामागे काय?" श्री. "म्हणजे बायको हयात आहे?" नाही हो, तसं काही नाही. त्यावर ते "हं" म्हणाले. इंग्रज माणसाचं "हं" फार लांबवर जातं.

मेतकूट, लसणीची चटणी, गोडा मसाला, हलवा, तिळाच्या वड्या, सगळं नीट पोचलं. तूप पाठवलं नाहीस ते बरं केलंस आई. दूधदुभत्याचं काही बाहेरून येऊ देत नाहीत इथे.

आता दाढ. होय, वडीनेच तुटली. गूळ जरा पुढे गेला होता ना पाकात? दातवाल्याने आत डोकावून पाहिलं, उसासा टाकला आणि टोपीचे साडेसातशे पौंड सांगितले. बाबा, गुणाकार करू नका, मी केलाय: ऐंशी हजारांच्या वर जातात. सरकारी रांगेत नाव घालायला तीन ठिकाणी फोन केले. तिन्हीकडे नवे दात घेणं बंद आहे. तुम्ही म्हणाल, तिकीट काढून मिरजेला ये, डॉक्टर जोशी करतील आणि वर पेढा देतील. हिशेब तोच निघतो, पण सुट्टी नाही.

गंमत म्हणजे दाताचा भाव इथे चौदाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलाय. ओवीला शाळेत अँग्लो-सॅक्सन लागलेत, म्हणजे घरात तिघांनाही लागलेत. केंटचा राजा एथेलबर्ट याचा सन ६०० च्या सुमाराचा कायदा आहे. इंग्रजीत लिहिलेला सगळ्यांत जुना कायदा तोच. त्यात अख्ख्या शरीराचं दरपत्रक. अंगठा तुटला तर २० शिलिंग, कान १२, करंगळी ११, मधलं बोट मात्र फक्त ४. पुढचे चार दात प्रत्येकी ६, त्यांच्या शेजारचा ४, त्याच्या शेजारचा ३ आणि त्यामागचे प्रत्येकी १. भरपाई मारणाऱ्याने द्यायची. तेव्हा आई, एका दाढेचा एक शिलिंग तुझ्याकडे निघतो. सवडीने दे.

(कुकरची तिसरी झाली. आलेच.)

नानाकाकांच्या मंदारची पत्रिका व्हॉट्सअॅपवर आली. "श्रीमंत नानासाहेब देशमुख" वाचून श्रीरंगने चहा सांडला. कर्ज काढून "श्रीमंत" छापणं हे फक्त काकाच करू जाणे. पण हसायचं तरी कोणाला? इथेही कुठलाही फॉर्म भरायला घ्या, नावाआधी उपाधी निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. यादी उघडली की मिस्टर, मिसेसपासून सुरू होते ती लॉर्ड, लेडी, अर्ल, काउंटेस, व्हायकाउंट. तुमचं चपलांचं माप नोंदवताना घाईत माझं बोट घसरलं आणि बाबा, एका दुकानाच्या वहीत तुम्ही आता कायमचे व्हायकाउंट आहात. दर आठवड्याला महाशयांना सवलतीची पत्रं येतात. काढून टाकायची सोय शोधून थकले. काकाला सांगू नका, जळून मरेल.

काकाला एवढी हौस असेल तर इथले जुने नियम कळवा. राजाच्या हाताखालच्या सरदाराला थेन म्हणत. साधा शेतकरी थेन व्हायचा म्हणजे पाच कुटुंबं पोसतील एवढी स्वतःची जमीन, एक घंटा, वाड्याला वेस आणि राजाच्या दरबारात बसायची जागा हवी. काकाकडे वेस आहे, घंटा देवघरातली चालवून घेऊ. अडतं ते जमिनीपाशी. दुसरी वाट व्यापाऱ्याची: तीनदा स्वखर्चाने समुद्र ओलांडला की तोही थेनच्या मानाचा. श्रीरंग हे वाचून कॉलर ताठ करून बसला. मी विचारलं, पहिलं तिकीट कंपनीचं होतं की तुझं? तेव्हापासून भांडी घासतोय.

अर्ल ही उपाधी तर पक्की इंग्रजही नाही. इथले एल्डरमन होते. डेन्मार्कचा क्नूट १०१६ मध्ये राजा झाला आणि त्याच्या मागोमाग त्यांच्या यार्लचा अर्ल होऊन बसला. अर्लच्या बायकोला मात्र शब्दच नाही. तिला फ्रेंचांकडून उसनी आणलेली काउंटेस म्हणतात. नवऱ्याची उपाधी एका घरची, बायकोची दुसऱ्या घरची. लग्नात आहेराच्या साड्यांचं होतं तसं.

पण आई, तुझ्यासाठी मुद्दाम एक राखून ठेवलंय. लॉर्ड हा शब्द मुळात "पावाचा राखणदार" असा होता, आणि लेडी म्हणजे पावाची कणीक मळणारी. ओवीने वाचून दाखवलं आणि लगेच म्हणाली, "म्हणजे आज्जी!" मी नाही, बरं का. मी मशिनीत मळते. इथे गुजराथ्याच्या दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं, पण ते विरी गेलेलं असतं. उकड काढली तरी भाकरी परातीतच फाटते. परवा फोनवर बाबा दाढेचं दोनदा विचारत होते आणि मी गप्प होते, आठवतंय? रेंज गेली नव्हती. मागे तू भाकरी थापत होतीस. ते ऐकत होते.

असो. मशीन थांबलं, कपडे वाळत घालून आले. बाहेर घालायची सोय नाही, चार दिवस पाऊस आहे.

बाबा, तुम्ही सगळ्यांना मी "लंडनजवळ" असते असं सांगता. मी बर्मिंगहॅमजवळ असते, आणि टॅमवर्थ काही आलतूफालतू गाव नाही. इथे सात राज्यं होती: मर्सिया, वेसेक्स, नॉर्थम्ब्रिया, ईस्ट अँग्लिया, एसेक्स, ससेक्स, केंट. त्यातल्या मर्सियाच्या राजांचं हे ठाणं. इथल्या ऑफा राजाची लेक एडबर्ह वेसेक्सला दिली होती. तिने दुसऱ्याच कुणासाठी केलेलं विष नवऱ्याच्या पोटात गेलं आणि तो मेला. त्यानंतर वेसेक्सवाल्यांनी ठरवलं, राजाच्या बायकोला राणी म्हणायचंच नाही, असं आल्फ्रेडचा चरित्रकार ॲसर लिहितो. एका सुनेने केलं, पुढच्या सगळ्या सुनांचं मानपान गेलं. आई, पणजीची गोष्ट आठवली की नाही?

पुढे शंभरेक वर्षांनी उलट झालं. वेसेक्सच्या आल्फ्रेडची लेक एथेलफ्लेड मर्सियाची सून झाली. नवरा ९११ मध्ये गेला, आणि मर्सियाच्या लोकांनी तिलाच मालकीण केली. राणी नाही म्हणाले, "मर्सियनांची लेडी". तीच, कणीक मळणारी. तिने ९१३ मध्ये टॅमवर्थला तट घातला, आणखी बऱ्याच ठिकाणी गढ्या बांधल्या, ९१७ मध्ये डेन लोकांकडून डर्बी घेतलं. १२ जून ९१८ ला इथेच वारली. किल्ल्याच्या पायथ्याशी तिचा पुतळा आहे, तटाला हजार वर्षं झाली तेव्हा बसवलेला. हातात तलवार आणि कुशीत धाकटा एथेलस्टन, भावाचा मुलगा. म्हणजे ती त्याची आत्या. तोच पुढे अख्ख्या इंग्लंडचा पहिला राजा झाला. ओवी पुतळ्याला "बेबीआत्या" म्हणते.

आणि आता जे लिहायला बसले ते. एथेलफ्लेडच्या मागे तिची मुलगी एल्फविन गादीवर आली. मामाने, म्हणजे वेसेक्सच्या एडवर्डने, काही महिने वाट पाहिली आणि ऐन थंडीत तिचे सगळे अधिकार काढून तिला वेसेक्सला नेलं. इथल्या बखरीत दोन ओळी आहेत. पुढे तिचं नाव येत नाही.

काल काकाचा फोन आला होता. वाडा बिल्डरला द्यायचं ठरलंय, बेबीआत्याचं हक्कसोडपत्र झालं की काम फत्ते, "ती काय, देईल सही, साडीचोळी करू." तुम्हीही हो म्हणालात असं तो सांगतो. मला खरं वाटलं नाही. यजमान गेल्यावर आत्याने सतरा वर्षं मिरजेत एकटीने दुकान चालवलं, माझी बारावीची फी तिने भरली, हे तुम्हीच मला सांगितलेलं आहे. वाड्यात तिचा हिस्सा आहे तो द्या. सही हवी असेल तर आधी वकिलाकडून कागद तिला वाचून दाखवा. तुम्ही स्वतः जा, काकाला पाठवू नका.

श्रीरंगचा नमस्कार. ओवीने पुतळ्याचं चित्र काढलंय, सोबत आहे.

तुमची,
मंजिरी

ता. क. पत्रिकेत निमंत्रकांत सगळ्यांत खाली "गं. भा. बेबीताई" छापलंय. पत्रिका अजून छापखान्यात असेल तर तेवढं काढायला सांगा. तिचं नाव सुलोचना आहे.