पालकांनी येऊन भेटावे

उंब्रजला हमरस्ता सोडून पाटणकडे वळलो आणि स्पीडोमीटरच्या शेजारी पिवळा दिवा लागला. मागून मावशी ओरडली, "अय्या, नळ आला!" ते चित्र नळाचं नसून इंजिनाचं असतं, हे पुण्यात टँकरवर जगणाऱ्या बाईला कोण सांगणार?

शाळेत असताना माझ्या कॅलेंडरमध्ये बाई लिहायच्या, 'पालकांनी येऊन भेटावे.' का, ते कधीच लिहायच्या नाहीत. हा दिवा त्याच घराण्यातला. काहीतरी बिनसलंय, एवढंच सांगतो.

मग ज्याने त्याने आपापल्या स्वभावानुसार निदान केलं. सासरे तीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर होते. "भेसळीचं पेट्रोल," ते म्हणाले. "आमच्या वेळी दिवेबिवे नव्हते. गाडी बंद पडली की कळायचं." बायकोने सर्व्हिसिंगची टळलेली तारीख महिन्यासकट सांगितली. न्यूजर्सीहून भाचा फोनवर म्हणाला, "मामा, पेट्रोलचं झाकण घट्ट लाव." तिकडच्या गाड्या टाकीतली वाफ निसटते का, तेही तपासतात. झाकण घट्ट केलं. नळ चालूच.

शेवटी गाडीचं पुस्तक प्लास्टिकमधून प्रथमच बाहेर आलं. दिवा स्थिर असेल तर लवकर दाखवून घ्या. लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याची वाट लावतं, तेव्हा गाडी बाजूला घ्या. यावर चौघांत मतभेद झाले. त्या खड्ड्यांत आमचंच सगळं लुकलुकत होतं.

पाटणला एका पोरसवदा मेकॅनिकने स्टिअरिंगखाली यंत्र खुपसलं. 'पी ०१३५.' प्लग, कॉइल, हवेचा फाटका पाइप, यांपैकी काहीही निघू शकलं असतं. निघाला ऑक्सिजन सेन्सरचा हीटर. हा सेन्सर धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते पाहतो आणि त्यावरून संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. पण नीट गरम झाल्याशिवाय तो कामाला लागत नाही. चहा झाल्याखेरीज फाइल न उघडणाऱ्यांपैकी.

"हीटर शाबूत आहे. वायर उंदराने खाल्लीय," पोरगा बॉनेटमध्ये वाकून म्हणाला. त्याने वायर जोडली, टेप गुंडाळली, यंत्रातून कोड पुसला. जाता जाता इंजिनाच्या कोपऱ्यातून एक अर्धी चकली काढून माझ्या हातावर ठेवली.

मावशीने ती निरखून पाहिली. "ही माझीच. भाजणीची." मग मागच्या सीटखालचा डबा काढून हलवला. "तरीच म्हटलं, हलका का लागतोय!" डब्याच्या झाकणाला कोपऱ्यात सुबक गोल भोक होतं.

कोयनानगर मागे पडलं. दिवा विझलेलाच होता. कुंभार्ली घाटाच्या दुसऱ्या वळणावर सीटखाली खुडबुड झाली. सासरे खिडकीबाहेर बघू लागले. मावशीने पाय वर घेतले, ते चिपळूणला उतरेपर्यंत खाली ठेवले नाहीत.