शाळू की हायब्रीड

आमच्या घरात ‘हायब्रीड’ हा शब्द पहिल्यांदा निघाला तेव्हा आईने हातातला घास परत ताटात ठेवला.

“काय हायब्रीड? ज्वारी?”

“गाडी, आई. सेकंडहँड घेऊ म्हणतोय.”

“आधीच जुनी, त्यात हायब्रीड,” एवढं म्हणून ती ताक भुरकू लागली.

आईचं माहेर मंगळवेढ्याचं. तिथल्या काळ्या रानातला शाळू म्हणजे ज्वारीतलं राजघराणं. 1964 साली सीएसएच-1 ही पहिली संकरित ज्वारी आली आणि पुढे गावोगाव हायब्रीडचा बोलबाला झाला. पोती वाढली हे खरं. पण ऐन पावसात कणसं काळी पडायची आणि भाकरीला चव म्हणून नसायची. तेव्हापासून तिच्या माहेरी हायब्रीड हे धान्याचं नाव राहिलं नाही, स्वभावाचं झालं. कामाला न टिकणारा गडी हायब्रीड, दोन पावसांत विटणारं लुगडं हायब्रीड. मीही बहुधा तिच्या मते थोडा हायब्रीडच आहे, वडील कोकणातले.

मामाचं मत आईपेक्षा कडक. त्याने आयुष्याची वीस वर्षं टाटा सुमो चालवली. 1994 साली आलेल्या त्या गाडीचं नाव सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावाची पहिली अक्षरं जोडून ठेवलं होतं, हे तो पाहुण्याला चहाआधी सांगतो. “डिझेल म्हणजे डिझेल,” हा त्याचा सिद्धांत. त्यावर पुढे काही बोलता येत नाही, हेच त्याचं बळ.

बायकोने मात्र वही काढली. आमची जुनी छोटी गाडी विकून झाली होती, आणि दोन जागी भाव जमण्यासारखा होता: साताऱ्यात 2021 ची सात आसनी डिझेल, तेरा लाख, कोल्हापुरात 2023 ची पाच आसनी हायब्रीड, साडेचौदा. शनिवार-रविवार धरून दोन्ही पाहून यायचं ठरलं. गाडी नसल्यामुळे गाडी बघायला लाल परीने.

स्वारगेटहून निघालेली एसटी खंबाटकीच्या चढाला लागली आणि तिच्या पोटातून जात्यासारखी घरघर सुरू झाली. मामाने खिडकीची काच थरथरते ती दाखवली. “बघ. पन्नास माणसं, वर टपावर पोती. कशावर ओढतेय?” मी डिझेल म्हणालो. मागच्या सीटवरचा एक अनोळखी इसमही डिझेल म्हणाला. मामाच्या पक्षात आणखी एक मत पडलं.

साताऱ्याच्या एजंटने पहिलं वाक्य टाकलं ते असं: “डॉक्टरांची गाडी आहे.” महाराष्ट्रातली प्रत्येक विकाऊ गाडी डॉक्टरांची असते. एवढ्या गाड्या विकल्यावर डॉक्टर दवाखान्यात कसे जातात, कळत नाही. शेजारी त्याच मेकची एक दिल्ली पासिंगची गाडी अडीच लाखांनी स्वस्त उभी होती. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या दिल्लीत नकोत, असं आधी हरित लवादाने आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं; नंतर त्यात काय मागेपुढे झालं तो भाग निराळा. पण तेव्हापासून उत्तरेकडच्या गाड्यांचा एक ओघ दक्षिणेकडे लागलेला आहे. एकेकाळी मराठे दिल्लीवर चालून जात; आता दिल्लीची डिझेलं साताऱ्यावर चालून येतात. एनओसी, इथला रोड टॅक्स पुन्हा, नवीन नंबर, असा खर्च बायकोने वहीत मांडला आणि अडीच लाखांपैकी किती उरतात हे पाहून पान उलटलं.

डॉक्टरांच्या गाडीचं बॉनेट उघडून मामा आत वाकला तो बराच वेळ बाहेर आलाच नाही. डिपस्टिक ओढली, रुमालाला पुसली, वास घेतला. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं आणि धूर येतो का म्हणून वर तळहात धरला, जसा वैद्य नाडीवर धरतो. “दणकट आहे,” त्याने निदान केलं.

यवतेश्वरच्या घाटात गाडीने ते सिद्धही केलं. तिसऱ्या गियरमध्ये, पाय जेमतेम टेकलेला असताना ती वळणं चढत गेली. मागे अजिंक्यतारा खाली खाली बसत गेला. एजंट माझ्या शेजारी. मागे आई, बायको आणि मामा. डिझेलचा आवाज बेतशीर होता, म्हणजे पुढच्याला मागचं ऐकू येणार नाही इतपत. त्यामुळे मागे मोकळेपणाने चर्चा चालली होती. “लबाड दिसतो गं,” आई म्हणाली. बायको म्हणाली, “टायर बदललेत म्हणतो, पण एकच बदललाय.” एजंट समोर बघत हसतमुख बसून होता. संसारी माणसासाठी डिझेल का चांगलं, हे मला त्या घाटात उमगलं. त्यात एकत्र कुटुंबाला खासगी आयुष्य मिळतं.

अडचण परतताना निघाली. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. एजंट म्हणाला, “ते काही नाही, डीपीएफ.” 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 लागू झालं, तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी धरणारी ही गाळणी असते. गाळणी भरली की काजळी आतल्या आत जाळून टाकायची, पण त्यासाठी ती चांगली तापायला हवी, आणि तापण्यासाठी गाडी हायवेला वेगात पंधरावीस मिनिटं पळायला हवी. कोथरूड ते मंडई, मंडई ते कोथरूड, एवढ्यावर ती तापत नाही, तुंबते.

“म्हणजे हिला रोज शतपावली घालायची?” बायकोने विचारलं.

“रोज नाही, वहिनी. अधूनमधून खेड शिवापूरपर्यंत चक्कर.”

“आणि काजळी जाळायला टोल आम्ही भरायचा.”

बायकोने एसटीत वही उघडली आणि मागल्या वर्षीचा जुन्या गाडीचा हिशोब वाचला. वर्षभरात 5,000 किलोमीटर. त्यात गुहागर एकदा, मंगळवेढा एकदा. बाकी सगळं मंडई, दाताचा दवाखाना, बँक आणि कर्वे रोडवरचे सिग्नल. मी हा आकडा दोनदा तपासला. गेली दहा वर्षं मी स्वतःला घाट पालथे घालणारा माणूस समजत होतो. वहीप्रमाणे मी मुख्यतः सिग्नलला उभा असलेला माणूस होतो.

मग तिने गणित मांडलं. शहरात डिझेल लिटरला तेरा किलोमीटर देईल, हायब्रीड एकवीस. डिझेल नव्वदीत, पेट्रोल शंभरी ओलांडलेलं. तरी हायब्रीडमध्ये वर्षाला सुमारे दहा हजार वाचतात. मी विजयी मुद्रेने मामाकडे पाहिलं. “पण ती दीड लाखाने महाग आहे,” मामा म्हणाला. म्हणजे फरक पंधरा वर्षांनी फिटणार, आणि पंधरा वर्षं हीच गाडीच्या रजिस्ट्रेशनची मुदत. तोवर ती मुदत कधीच उलटलेली असेल. कराडपर्यंत कोणी काही बोललं नाही.

कोल्हापुरात सकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला रिचवून आम्ही मालकाच्या दारी पोचलो. मालक स्वतःच विकत होते, मध्ये एजंट नव्हता, आणि ते डॉक्टरही नव्हते, फरशीचे व्यापारी. गाडी ग्रँड विटारा. तिची जुळी बहीण हायरायडर. दोघी 2022 साली कर्नाटकातल्या बिदडीच्या एकाच कारखान्यातून निघाल्या आणि दोन वेगळ्या आडनावांच्या घरी नांदायला गेल्या.

मी बटण दाबलं. काहीच झालं नाही.

“बंद आहे,” मामा समाधानाने म्हणाला.

“चालू हाय की,” मालक म्हणाले. “रेडी लिहून आलंय बघा.”

गाडी निघाली ती कीर्तनातून उठून जाणाऱ्या माणसासारखी, आवाज न करता. गल्लीच्या तोंडाशी धार काढून परतणारी म्हैस उभी होती. तिने डिझेलं ओळखली असती. ही कळलीच नाही. मागे तीन फुटांवर आम्ही, आणि ती शांतपणे रवंथ करतेय. शेवटी मालकच उतरून तिला बाजूला घेऊन गेले.

“प्लग कुठे आहे हिचा?” मामाने विचारलं. प्लग नाही. बॅटरी पाऊण युनिटाची, म्हणजे इस्त्री तासभर चालेल एवढीच वीज तिच्यात मावते. ब्रेक दाबला की भरते, निघताना खर्च होते. उभा जन्म सहकारी बँकेत काढलेल्या मला हे फार भावलं. थांबलं की जमा होणारं खातं मी पहिल्यांदाच बघत होतो. बॅटरी डिकीच्या तळाशी असल्यामुळे डिकी आखूड. आईने तिथे डोकावून “पापडाचा डबा बसेल, कुरडयांचा नाही,” असं मोजमाप दिलं.

वाघबीळला वळून पन्हाळ्याचा चढ लागला आणि चित्र बदललं. आता इंजिन जागं झालं, आणि गियरच न बदलता एका सुरात ओरडू लागलं, मिक्सरमध्ये खोबरं अडकावं तसं. मामाला बरं वाटलं. मागे आईलाही हायसं वाटलं असावं, कालच्या सवयीने ती आवाजाच्या वर आवाज काढून बायकोला बजावू लागली, “अगं, तू मध्ये पडू नकोस. याला भाव करता येत नाही. मी सांगते, माणूस भोळा दिसतो, लाखभर तरी—”

पुढे उसाची ट्रॉली आडवी आली. मी पाय उचलला. इंजिन तत्क्षणी बंद झालं.

“—खाली पाडून माग, गरजू आहे!”

एवढी शांतता पन्हाळ्याच्या घाटात पूर्वी कधी पसरली असेल असं वाटत नाही. ट्रॉलीतल्या उसाची पानं सळसळताना ऐकू येत होती. मामा खिडकीबाहेर दरी निरखू लागला. मालक सावकाश मागे वळले.

“आज्जी, लाख न्हाई जमायचं,” ते म्हणाले. “पण एवढ्या खणखणीत आवाजात कोण मागत न्हाई बघा. वीस हजार सोडतो.”

आईने पदर सारखा केला. ओशाळणं हे आमच्या मंगळवेढ्याच्या बाजूला पिकतच नाही.

“पंचवीस सोड,” ती म्हणाली, “आणि पायाखालची ही रबरी मॅट काढून घेऊ नकोस. वर काय मिळतं खायला?”

“झुणका-भाकर.”

“ज्वारी कुठली?”

मालकांनी काही न बोलता फोन काढला आणि गडावरच्या हॉटेलवाल्याला विचारायला लागले.