दीडशे किलोमीटर, एकोणीस ओव्हर

आमच्याकडे सीझन म्हणजे मोसम नव्हे, चेंडू. टेनिसचा तो नुसता बॉल आणि लाल कातड्याचा तो सीझन. "सर, सीझन भिजलाय," असं कॅप्टन म्हणाला, तेव्हा मी खिडकीबाहेर बघून "हो ना, यंदा जरा जास्तच," असं उत्तर दिलं होतं. चुलीजवळ वाळत घालायच्या वस्तूबद्दल तो बोलतोय, हे कळायला मला तीन दिवस लागले.

मी मराठीचा शिक्षक. खेळाचे सर जूनमध्ये बदलून गेले, नवे यायचे ते यायचेच राहिले, आणि मुख्याध्यापकांनी चौदा वर्षांखालच्या क्रिकेट संघाचा व्यवस्थापक म्हणून माझं नाव लिहून टाकलं. माझी पात्रता एवढीच, की स्टाफरूममध्ये कॉमेंट्री चालू असताना मी एकदा "हा बॅकफूटवर खेळायला हवा होता" असं म्हणून गेलो होतो. मास्तरकीत असली वाक्यं फार महागात पडतात.

शाळा भंडारदऱ्याच्या अंगाला, अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला. शालेय स्पर्धांचे दिवस पावसाळ्याचे. त्याच जिल्ह्यात पाथर्डी-जामखेडला लोक ऑगस्टात आभाळाकडे बघत बसतात. आमच्याकडे आभाळ दिसतच नाही, ते मैदानावर उतरून बसलेलं असतं. त्यामुळे सराव शाळेच्या पडवीत. पडवी लांबीला भरपूर, रुंदीला जेमतेम सात फूट. उजवीकडे पागोळ्या, तिकडे मारला की सीझन भिजला, म्हणजे औट. डावीकडे सातवी ब ची खिडकी. तिकडे मारला की चेंडू गणिताच्या तासात, म्हणजे औट आणि वर अंगठे धरून उभं राहणं. राहता राहिला समोरचा फटका. तेंडुलकरला जो स्ट्रेट ड्राइव्ह साधनेने मिळाला, तो आमच्या अकराही पोरांना वास्तुरचनेने मिळाला होता. दुसरा एकही फटका कुणाला येत नव्हता. पलीकडच्या टोकाला पडवीचा सागवानी खांब होता, तोच नॉन-स्ट्रायकर. अत्यंत भरवशाचा गडी. कधी घाई नाही, कधी चुकीचा कॉल नाही.

तालुक्याच्या स्पर्धेत पहिल्या फेरीतला समोरचा संघ रस्ता बंद असल्याने पोचलाच नाही. आम्हाला पुढे चाल. दुसऱ्या फेरीतला संघ पोचला, पण आजारी मुलं वजा जाता नऊच भरला. पुन्हा पुढे चाल. अंतिम सामन्याच्या दिवशी खेळपट्टीवर बेडूक होते. पंचांनी नाणं उडवलं, आमच्या कॅप्टनने छापा म्हटला, छापा पडला. एकही चेंडू न टाकता आणि न खेळता आम्ही तालुका अजिंक्य झालो. अजिंक्य हा शब्द फळ्यावर लिहिला, तेव्हा मुख्याध्यापकांना सिद्धांत सुचला.

ते भूगोलाचे. म्हणाले, "अजिंक्य रहाणे कुठला? १९८८ साली जन्मला तो संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला. आश्वी कुठे? प्रवरेच्या काठी. झहीर खान कुठला? श्रीरामपूरचा, १९७८ चा. श्रीरामपूरचा ऊस कशावर? प्रवरेच्या कालव्यावर. आणि प्रवरा कुठली? आपली! रतनगडाला उगवते, आपल्या धरणात साठते, १९२६ सालापासून आपण हे पाणी खाली सोडतोय. याचा अर्थ काय?"

"सर, आपण सोडतोय आणि ते खेळतायत," बारावा म्हणाला. हा आमचा राखीव खेळाडू. नाव हजेरीपटावर आहे, पण सगळे त्याला बाराव्या म्हणतात.

जिल्ह्याची स्पर्धा नगरला, आणि नगर आमच्यापासून दीडशेच्या आसपास किलोमीटर. नाशिक याच्या निम्म्यावर. पण जिल्हा म्हणजे जिल्हा. सतरा हजारांवर चौरस किलोमीटर, राज्यात सगळ्यांत मोठा. आत चार गोवे बसवले तरी दोन-तीन तालुके शिल्लक राहतील. त्यात महसुलाला आपण नाशिक विभागात आणि शाळेच्या खेळांना पुणे विभागात. हे समजावून सांगितल्यावर किपरने विचारलं, "म्हणजे सर, जिंकलो तर पुण्याला आणि हरलो तर नाशिकला?"

पहाटे चारला जीपने राजूर, तिथून एसटीने अकोले, संगमनेर. संगमनेरला गाडी बदलली. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पाटीवरही तेच, पण फलाटावर आरोळी "नगर, नगर!" अशीच येते. आम्ही जुन्या नावातलंही मागचं तेवढंच वापरत होतो, ते नव्यातही शाबूत राहिलं.

एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात. त्यामुळे लोणीपर्यंत माझी मान सारखी वळत होती. "मास्तर, सुट्टे राहिले!" मी वळायचो. "मास्तर, घंटी मारा!" मी वळायचो. शेवटी खऱ्या मास्तरांनीच माझ्यावर दया केली आणि विचारलं, "तुम्ही शाळेतले का?" मग तिकिटांचा विषय निघाला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांना तिकीट माफ, बायांना निम्मं. बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना हाफ. "यात हाफ किती?" माझ्या पिशवीत बाराही पोरांची बोनाफाईड होती आणि त्यांवर तेरा वर्षं ठळक लिहिलेली होती. त्यातला लेगस्पिनर दिसायला आठ वर्षांचा. मास्तर त्याच्याकडे बघून हाफ फाडायला निघाले, तर हा ताठ उभा राहून म्हणाला, "मी चौदाखालचा आहे, बाराखालचा नाही." शाळेचे पैसे गेले, पण मला जरा बरं वाटलं. गाडीत पूर्ण पैसे भरणारी जमात म्हणजे आम्ही क्रिकेटवाले आणि मागच्या बाकावरचे दोन शेळ्यांचे व्यापारी.

लोणीला मी पोरांना सामान्यज्ञान द्यायला लागलो: विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, सहकारी साखर कारखाना. दुसऱ्या बाकावरचे तिघे तोवर पिशवीत ओकले होते. मी विषय बदलून एसटीवर आणला. महामंडळाची पहिली गाडी १ जून १९४८ ला धावली, ती पुणे आणि नगर यांच्याच दरम्यान. "म्हंजे नगरची पोरं तवापासून बसलीत," एक ओकलेला पुटपुटला, "त्यांना सवय असंल." कोल्हारच्या पुलावर मात्र सगळे खिडक्यांना लागले. खाली प्रवरा, गढूळ, काठोकाठ. "हे पाणी आपलं," कॅप्टनने शेजारच्या आजोबांना सांगितलं. आजोबा म्हणाले, "मग जरा बेतानं सोडा की."

नगरला वाडिया पार्कवर ऊन पडलं होतं. पोरांनी प्लास्टिकच्या खोळी काढल्या आणि कोरडं मैदान प्रथमच बघितल्यासारखे ते वाकून हाताने चाचपायला लागले. एकाने बूट आपटून पाहिला. "सर, वाजतंय!"

समोर शहरातला एक संघ. बाराही जणांचे बूट सारखे. त्यांच्या वेगवान गोलंदाजाला मिशी होती. जन्मदाखला पंचांनी बघितला, मीही बघितला. तेरा वर्षं पाच महिने. कागदावर शंकेला जागा नव्हती, शंका सगळी ओठावर होती.

दहा-दहा ओव्हरचा सामना. त्यांनी तीन बाद ब्याण्णव केल्या. आमच्या लेगस्पिनरचा चेंडू पडवीतल्या सारवलेल्या जमिनीवर घोट्याएवढा यायचा, तो इथे किपरच्या डोक्यावरून बायचे चार घेऊन जायला लागला. मग आम्ही. हेल्मेट एक, गार्ड एक. बाद झालेल्याने येणाऱ्याला तो सीमारेषेजवळ सुपूर्द करायचा, तेही पाठ करून, अब्रूने. कॅप्टनने पहिलाच चेंडू समोर मारला. काय मारला! बॅट सरळ, कोपर वर, गोलंदाजाच्या बाजूने चार धावा. त्यांचे सर माझ्याकडे वळले, "कोचिंग कुठलं?" मी म्हणालो, "पडवी." ते मान हलवत म्हणाले, "ऐकलंय नाव."

तिसऱ्या ओव्हरपर्यंत मी पुण्याच्या गाड्यांचं वेळापत्रक आठवत होतो. मग पुन्हा एक समोरचा फटका. मिशीवाल्याने खाली हात घातला, चेंडू बोटांना लागून यष्ट्यांवर, आणि आमचा नॉन-स्ट्रायकर खेळपट्टीच्या मधोमध. त्याचा दोष नव्हता. त्या टोकाला उभं राहण्याची आयुष्यातली त्याची ही पहिलीच वेळ. दोन महिने ते काम खांबाने केलं होतं. बॅटचा आवाज आला की तो पळत सुटायचा. पुढचाही तसाच. तिसऱ्यांदा झालं तेव्हा पंचांनी बोट वर करण्याआधी माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं. नऊ ओव्हरमध्ये एक्केचाळीस, सर्वबाद. सगळ्या हंगामाचा हिशोब: टाकलेल्या ओव्हर दहा, खेळलेल्या नऊ, झालेल्या पिशव्या सात.

वेळ उरला म्हणून किल्ला दाखवायला नेलं. नेहरू १९४२ ते ४५ इथे कैदेत होते, इथेच त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला, असं मी खंदकाच्या कडेला उभं राहून सांगितलं. "तीन वर्षं कुठंच प्रवास नाही?" लेगस्पिनरने विचारलं. त्याच्या आवाजात निव्वळ हेवा होता.

रात्री अकराला राजूर. पेढ्यांची दुकानं बंद झालेली, पाऊस चालू. दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांपुढे तिकिटांची चळत ठेवली. त्यांनी बेरीज केली, पुन्हा केली, आणि "पाणी फुकट जातं तिथवर," एवढंच म्हणाले.

मधल्या सुट्टीत पडवीतून तोच टप-टप आवाज. बघतो तर फटके तेच, समोरचे. पण पलीकडे खांबाला पाठ लावून, हातात बॅट घेऊन, बाराव्या उभा. चेंडू मारला की दोन पावलं पुढे, गोलंदाजाचा हात खाली गेला की झटकन मागे, पाठ पुन्हा खांबाला.

"तू काय करतोयस रे?"

"सर, मी पळणारा खांब."